पैसे तिचे, सही दुसऱ्याची

वागळे इस्टेटच्या किसननगरमध्ये आम्ही सहा-सात जणी दर रविवारी फॉर्म भरून द्यायला बसतो. एका मित्रमंडळाने गणपतीचं सामान ठेवायची खोली आम्हाला वापरायला दिली आहे. भिंतीला मखराच्या चौकटी टेकवलेल्या, मधे दोन टेबलं आणि वर एक पंखा. येणाऱ्या बहुतेक जणी घोडबंदर रोडवरच्या संकुलांमध्ये धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या. काही इस्टेटमधल्या गाळ्यांत पॅकिंगला जाणाऱ्या. त्यांना उसंत मिळते ती रविवारीच, तीही सकाळची कामं उरकल्यावर.

२०२५ च्या ऑक्टोबरात ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीसाठी रांग लागली होती. त्या रांगेतल्या एक ताई माझ्यासमोर बसल्या. वय बेचाळीस-त्रेचाळीस. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला: आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलाचा दहावीचा निकाल आणि घडी पडून फाटत आलेली स्वतःच्या लग्नाची पत्रिका. पत्रिका कशाला आणली, विचारलं. म्हणाल्या, “मागतील म्हणून.”

नवरा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. दिव्याला राहतो, दुसरा संसार आहे. घटस्फोट झालेला नाही. वकिलाला द्यायला पैसे होते कधी? पोर्टलवर त्यांचा आधार क्रमांक टाकला, त्यांच्या फोनवर ओटीपी आला, तो भरला. पुढच्या पानावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक. वडील वारलेले. नवऱ्याच्या आधारची झेरॉक्स त्यांच्याकडे होती, जुन्या रेशनकार्डासोबत जपून ठेवलेली. क्रमांक टाकला. ओटीपी अर्थातच त्याच्या फोनवर गेला. मुलाने बाहेर जाऊन बापाला फोन लावला. दोन मिनिटांनी आत येऊन आईकडे न बघता म्हणाला, “ओटीपी आलाय म्हणतात. पण आधी सांगा म्हणे, त्यातले मला किती देणार.”

ताई काही बोलल्या नाहीत. मुदत संपून पान परत पहिल्या जागी आलं. त्यांनी कागद गोळा करायला घेतले, पत्रिका सगळ्यात खाली, त्यावर निकाल, त्यावर पासबुक, ज्या क्रमाने काढले होते त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने.

मी अठ्ठावीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली निम्मी काउंटरवर. सही जुळवणं हे माझं रोजचं काम. नमुना सहीचं कार्ड काढायचं, स्लिप शेजारी धरायची, वळणं बघायची. पगाराच्या आठवड्यात पुरुष बायकोच्या खात्याच्या स्लिपा घेऊन यायचे. सोबत अधिकारपत्र असायचं. दोन्हींवरची सही अगदी बरोबर, पण रकमेचा आकडा वेगळ्या हाताचा आणि वेगळ्या शाईचा. कोऱ्या स्लिपेवर सही करून ठेवलेली आहे हे कळायला चष्मा लागत नव्हता. नियमाने अडवता येत नव्हतं. निवृत्त होऊन इथे फॉर्म भरायला बसले तेव्हा वाटलं होतं, ते दिवस गेले. आता पैसे थेट खात्यात येतात. खात्यात येतात हे खरं. पण स्लिपेवरच्या सहीची जागा ओटीपीने घेतली आहे, आणि फोन कुणाचा हा प्रश्न तिथेच आहे.

बायकांना मिळणाऱ्या पैशावर आपल्याकडे चर्चा होते ती रकमेची. १५०० पुरेत का, २१०० कधी देणार, तिजोरीला झेपेल का, फुकट खाऊ घालताय का. २०२४ च्या जूनमध्ये अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली तेव्हापासून हेच चाललं आहे. मी या योजनेच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. १५०० रुपयांत गॅसचं सिलिंडर येऊन वर मुलाच्या क्लासची थोडी फी सुटते, आणि ज्या बाईने आयुष्यात स्वतःच्या नावावर एक रुपया आलेला पाहिला नाही तिने पासबुकात छापलेली ती ओळ बोट ठेवून वाचलेली मी पाहिली आहे. ते फुकटचं म्हणणाऱ्यांनी २०२४ ची केंद्राची वेळवापर पाहणी बघावी. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. या कामाला किंमत आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. पण दोन्ही खटले अपघातात गेलेल्या गृहिणींच्या नुकसानभरपाईचे होते. ती जिवंत असताना त्या कामाचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

तेव्हा रकमेचं भांडण लढावंच. पण माझ्या टेबलावरून जे दिसतं ते असं, की बाईच्या वाट्याला येणारा जवळजवळ प्रत्येक रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी सहीतून येतो. नवऱ्याच्या, वडिलांच्या, मालकिणीच्या. ती सही मध्ये आहे तोवर रक्कम वाढली तरी सही करणाऱ्याचंच वजन वाढणार. दिव्याच्या त्या माणसाला १५०० ऐवजी २१०० कळले असते तर त्याने अर्धे २१०० चे मागितले असते.

सरकारची बाजू मला ठाऊक आहे. योजनेला कुटुंबाच्या वार्षिक अडीच लाख उत्पन्नाची मर्यादा आहे. अपात्र लोकांनी पैसे घेतले, त्यात पुरुषही निघाले. तपासणी हवी, यात वाद नाही. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर कुटुंबातला कमावता कोण हे कळायला हवं, हेही खरं. पण माहिती घेणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. ओटीपी ही परवानगी आहे. दुसऱ्याचा आधार पडताळायला त्याची संमती लागते, हे कायद्याला धरूनच आहे. म्हणूनच तर तिचा हक्क त्याच्या आधारला बांधायला नको होता. कुटुंब कोणतं हे रेशनकार्डावर आहे. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार त्या कार्डाची कुटुंबप्रमुख घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री असते. एका खात्याच्या कायद्यात जी घराची प्रमुख, तीच दुसऱ्या खात्याच्या पोर्टलवर नवऱ्याच्या फोनकडे बघत बसते.

विधवांसाठी आणि घटस्फोटितांसाठी नंतर वाट काढली गेली. स्वतःची ई-केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. चांगलं झालं. पण टाकलेल्या बाईकडे यातला कोणता कागद असणार? नवरा जिवंत आहे, लग्न शाबूत आहे, फक्त माणूस नाही. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली होती, त्यालाही आता साडेतीन दशकं उलटून गेली. नवरा मेल्याचा दाखला मिळतो, तो निघून गेल्याचा दाखला कोण देणार, हे अजून नक्की झालेलं नाही. आमच्या ताईंना एका कार्यालयात सांगितलं, कोर्टाचा कागद आणा. दुसरीकडे सांगितलं, नगरसेवकाचं पत्र चालेल. तिसरीकडे सांगितलं, शेजारच्या दोघांच्या सह्या आणा. आणि शेजारी म्हणाले, तुमच्या नवरा-बायकोच्या भानगडीत आम्ही कशाला?

याहून जुनं दुखणं संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं. १९८० पासूनची योजना. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, निराधार स्त्रियांना महिना १५०० रुपये. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती हवं, तर २१ हजारांच्या आत. महिन्याला १७५० रुपये. ठाण्यात १७५० रुपयांत कोण राहतं? किसननगरात दहा बाय दहाची खोली भाड्याने घ्यायची तरी त्याच्या कितीतरी पट लागतात. दोन घरची भांडी घासणारी विधवाही या मर्यादेत बसत नाही. म्हणजे तिने एकतर हक्क सोडायचा किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खोटं बोलायचं. मी अशा फॉर्मवर ‘वरील माहिती सत्य आहे’ या ओळीखाली बायकांना सही करताना पाहते आणि मला लाज वाटते, त्यांची नाही, त्या ओळीची. नवऱ्यासह संसार करणारीला अडीच लाखांपर्यंत १५०० रुपये, आणि एकटीला २१ हजारांच्या आत असली तरच या योजनेचे १५००. ही तफावत एका शासन निर्णयाने जाऊ शकते. निराधार योजनेची मर्यादाही अडीच लाख करा आणि तिथे कुटुंब म्हणजे ती आणि तिच्यावर अवलंबून असलेली मुलं, इतकंच मोजा.

आता मालकिणीची सही.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. मंडळात नोंदणी असलेल्या बाईला ५५ वर्षं पूर्ण झाल्यावर सन्मानधन म्हणून १० हजार रुपये मिळू शकतात, आणखीही काही लाभ आहेत. नोंदणीला वयाचा पुरावा लागतो, राहण्याचा पुरावा लागतो, आणि बाई आपल्याकडे काम करते असा मालकाचा दाखला लागतो. पहिले दोन कागद बायका आणतात. तिसऱ्यावर घोडं अडतं.

एक मावशी ढोकाळीच्या पुढे एका घरी चौदा वर्षं स्वयंपाक करतात. त्या घरचं मूल त्यांच्या हातचं जेवून मोठं झालं. दाखल्याचा विषय काढल्यावर मॅडम म्हणाल्या, “साहेबांना विचारून सांगते.” महिनाभर साहेबांना विचारणं चाललं. मग म्हणाल्या, “असं लिहून देत नाही ना आम्ही कुणाला.” मावशींची अशी चार कामं आहेत, चारही घरी हेच. भीती कशाची आहे ते मला समजतं. उद्या ही हक्क सांगेल, कुणीतरी युनियनवाला दारात येईल. पण चौदा वर्षं किल्ली ज्या हातात दिली त्या हाताला कागद देताना ही भीती कुठून येते, याचा विचार आपण मध्यमवर्गीय बायकांनी करायला हवा. हो, बायकांनीच. खाडा कापायचा हिशेब आपण ठेवतो, दिवाळीचा बोनस आपण ठरवतो, उचल द्यायची की नाही ते आपण सांगतो, आणि सहीची वेळ आली की साहेब आठवतात.

कायदाही या बायकांच्या मागे भक्कम उभा नाही. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याची चौकट करता येईल का हे पाहायला समिती नेमा. तो कायदा येईल तेव्हा येईल. दाखला मात्र या आठवड्यात देता येतो.

ही झाली इतरांच्या सह्यांची गोष्ट. बाईची स्वतःची सही कुणीच मागत नाही असं नाही. आवर्जून मागितली जाते. कुठे, ते सांगते.

माझी आई घणसोलीची. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली, त्यातलंच हे गाव. मिठागरं, भातशेती, खाडीची मासळी हे सगळं मी आईच्या तोंडून ऐकलेलं. १९८४ च्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या मागे गाव उभं राहिलं, पाच जण गोळीबारात गेले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत द्यायची योजना झाली. त्या संघर्षात बायका मागे नव्हत्या. आमच्या घरात त्याच्या आठवणी मोठ्या मायेने सांगितल्या जातात. पण प्लॉट मिळायची वेळ आली तेव्हा वारसांच्या यादीत आईचं आणि मावशीचंही नाव होतं. कारण १९५६ च्या कायद्यापासूनच बापाच्या हिश्श्यात मुलगी वारस आहे.

आई चौथीपर्यंत शिकलेली, पण लग्नानंतर लिहिणं सुटलं होतं. नव्वदच्या दशकात साक्षरतेचे वर्ग भरायचे तिथे ती पुन्हा सही शिकली. माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तिचं नाव भरलेलं असायचं, पहिल्या ओळीत वाकडं, शेवटच्या ओळीत सरळ. आणि ती शिकलेली सही तिने सरकारदरबारी पहिल्यांदा केली ती हक्कसोडपत्रावर. मामा गाडी घेऊन आले. दोघी बहिणींना निबंधकाच्या कचेरीत नेलं, नंतर घरी जेवण, ओटी, साडी. कुणी दमदाटी केली नाही, कुणी फसवलं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा आई म्हणाली, “माहेर उघडं राहावं म्हणून केली गं सही.” मामा वाईट नव्हते. आईच्या आजारपणात रात्र-रात्र तेच बसले. पण जमिनीचा हिस्सा आणि माहेरची ओटी यातलं एकच मिळेल असा पर्याय त्यांच्यापुढे कधी आला नाही, तो फक्त बहिणींपुढे आला.

त्यानंतर कायदा खूप पुढे गेला. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, देशभर तो २००५ मध्ये आला, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्राची चाल मात्र तशीच आहे. मला वाटतं, दुय्यम निबंधकाने अशा दस्ताच्या वेळी बहिणीशी एकटीशी बोलावं, भाऊ खोलीबाहेर असताना, आणि तिच्या हिश्श्याची सरकारी दराने होणारी किंमत तिला आकड्यात सांगावी. मग तिने सही करायची तर करावी. माझ्या आईला तो आकडा कुणी सांगितलाच नव्हता.

दुसरी जागा कर्जाची. दिवा, मुंब्रा, कळवा, कुठल्याही वस्तीत जा, ग्रुपलोनचं कार्ड नसलेलं घर विरळा. कर्ज बाईच्या नावावर, सही तिची, हमी शेजारच्या चार जणींची, आणि पैसे बहुतेकदा रिक्षाच्या डाउनपेमेंटला किंवा गावच्या घराच्या पत्र्यांना. हप्त्याच्या दिवशी कंपनीचा माणूस शोधतो तो तिला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते असू नयेत असं आहे. ही गोष्ट सही करताना कुणी तिला वाचून दाखवत असेल असं मला आमच्या टेबलावर आलेल्या कार्डांवरून तरी वाटत नाही.

म्हणजे तिला मिळायचं असतं तिथे सही दुसऱ्याची, आणि तिने सोडायचं किंवा फेडायचं असतं तिथे सही तिची. आमच्यासारख्या गटांनी आपली ताकद इथे लावावी असं माझं म्हणणं आहे. आपल्या मोर्चांच्या मागण्यांत रक्कम पहिल्या क्रमांकावर असते. सही पहिल्या क्रमांकावर यावी. हे अशक्य नाही, महाराष्ट्राने ते करून पाहिलेलं आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमीन केली. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचा करार नवरा-बायको दोघांच्या नावाने करायची अट नियमावलीतच आहे. किसननगरात क्लस्टर योजनेची, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाची, कामं सुरू आहेत, त्या घरांचे करार होतील तेव्हा प्रत्येकावर दोन नावं आहेत की नाही हे आम्ही बघणार आहोत, आणि टाकलेल्या बाईच्या खोलीवर, ती जर अकरा वर्षं एकटी भाडंपाणी भरते आहे, तर एकच नाव असावं असं मांडणार आहोत. ई-केवायसीच्या बाबतीत आमची मागणी साधी आहे: परित्यक्ता स्त्रीचं स्वयंघोषणापत्र आणि अंगणवाडी सेविकेची गृहभेट, एवढं पुरेसं मानावं. अंगणवाडी सेविकेला वस्तीतलं कुठलं घर कसं चालतं हे ठाऊक असतं. तिला या कामाचा वेगळा मोबदला मात्र द्यायला हवा. तीही बाईच आहे आणि तिच्याकडूनही फुकट काम करून घ्यायची सवय सरकारला आहे.

आणि घोडबंदर रोडच्या, हिरानंदानीच्या, वर्तकनगरच्या, पलीकडे वाशी-नेरूळ-सीवूडच्या सोसायट्यांना एक विनंती. सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिकेत पार्किंग असतं, गळती असते, टाकीची साफसफाई असते. त्यात घरकामाच्या बायकांच्या दाखल्यांचा एक विषय घाला. पुराव्यासाठी कुणाच्या घरी जायला नको. आज बहुतेक संकुलांच्या गेटवर ॲप आहे. त्यात प्रत्येक बाईचा फोटो आहे, ती कुठल्या सदनिकेत जाते ते आहे, सकाळी किती वाजता आली आणि किती वाजता गेली ते मिनिटासह आहे. आपल्या सुरक्षेसाठी आपण तिची इतकी नोंद ठेवलेली आहे. तिच्या उपयोगाचा एक कागद त्यातून निघू शकतो. साहेबांना विचारायचं असेल तर सभेत साहेब असतातच.

मजकूर आमच्याकडे तयार आहे, तो इथे देते. ‘श्रीमती (नाव) या आमच्या सदनिका क्रमांक (अमुक) मध्ये (महिना व वर्ष) पासून स्वयंपाक / धुणीभांडी / साफसफाई / मूल सांभाळणे हे काम करतात. हा दाखला त्यांना घरेलू कामगार म्हणून नोंदणी करण्यासाठी दिला आहे.’ खाली नाव, तारीख आणि सही.